परवाना हाती, सराव अपुरा : नवशिक्या चालकांचा दुर्लक्षित प्रश्न

नवी दिल्ली : पुण्यातील कल्याणीनगर भागात १९ मे २०२४ रोजी पहाटे मोटारीच्या धडकेत दुचाकीवरील दोन तरुण संगणक अभियंते मृत्युमुखी पडले. मोटार चालविल्याचा आरोप १७ वर्षांच्या मुलावर आला. बाल न्याय मंडळाने ३०० शब्दांचा निबंध लिहिण्याची अट घालून त्याला जामीन दिल्यावर देशभर संताप उसळला. शिक्षेविषयीच्या त्या चर्चेत एक प्रश्न मात्र मागे पडला : वयाची अठरा वर्षे पूर्ण होताच मुले सुरक्षित चालक होतात काय?

अल्पवयीनांबाबत कायदा पुरेसा कठोर आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने समाविष्ट झालेल्या कलम १९९ अ नुसार, अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केल्यास पालक किंवा वाहनमालकास तीन वर्षांपर्यंत कारावास आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलास वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही.

उणीव आहे ती अठराव्या वर्षानंतर. शिकाऊ परवाना मिळाल्यावर तीस दिवसांनी पक्क्या परवान्याची चाचणी देता येते. तोपर्यंत शेजारी परवानाधारक व्यक्ती असणे बंधनकारक असते. चाचणी उत्तीर्ण होताच हे बंधन संपते. दुसऱ्याच दिवशी मध्यरात्री, चार मित्रांसह, द्रुतगती मार्गावर मोटार नेण्यास नवशिक्याला कोणतीही आडकाठी उरत नाही.

न्यूझीलंडने १९८७ मध्येच टप्प्याटप्प्याने परवाना देण्याची पद्धत स्वीकारली. तेथे शिकाऊ आणि पूर्ण परवाना यांच्यामध्ये मर्यादित परवान्याचा टप्पा असतो. त्या काळात रात्री दहा ते पहाटे पाच या वेळेत एकट्याने वाहन चालविण्यास मनाई असते. सोबत प्रवासी नेण्यावरही निर्बंध असतात. अननुभवी चालकासाठी काळोख आणि समवयस्कांची संगत ही दोन्ही विशेष जोखमीची, हे या नियमांमागील सूत्र होय.

भारतात असा टप्पा नाही. तोवर ही जबाबदारी कुटुंबांनाच घ्यावी लागेल. परवाना मिळाल्यानंतरही काही महिने अनुभवी व्यक्तीने शेजारी बसावे. आधी दिवसा आणि ओळखीच्या रस्त्यांवर, मग पावसात, रात्री आणि शेवटी महामार्गावर, असा क्रम ठेवावा. मित्रांना घेऊन जाण्याची मुभा सर्वांत शेवटी द्यावी.

वेगाचे गणितही मुलांना समजावून सांगणे आवश्यक आहे. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन सेकंदाला सुमारे १७ मीटर अंतर कापते. मोबाइलकडे दोन सेकंद पाहिले तरी तेवढ्यात ३३ मीटर रस्ता न पाहताच मागे पडतो. वेग दुप्पट झाल्यास ब्रेक लावल्यानंतर थांबण्यास लागणारे अंतर चौपट होते. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १ लाख ६८ हजार ४९१ जणांचा रस्ते अपघातांत बळी गेला. त्यांपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक मृत्यू अतिवेगाशी निगडित होते.

घरात वडीलधारेच हेल्मेट किंवा सीटबेल्ट टाळत असतील, तर उपदेशाचा परिणाम होणे कठीण. कलम १९९ अ अपघात वा गुन्हा घडल्यानंतर लागू होते. त्याआधीच्या काळासाठी नियम करणे सरकारच्या हाती आहे. वाहनाची किल्ली कधी आणि कोणत्या अटींवर द्यायची, हे मात्र आजही पालकांच्याच हाती आहे.