आपली माणसे कोण?

आगमनकाळ सुरू झाला की आपल्या धर्मग्रामांत जुन्या कपड्यांची गाठोडी जमू लागतात. पनवेल-कर्जतच्या डोंगरपायथ्याची एखादी कातकरी वाडी निश्चित होते, टेम्पो भरतो, केक आणि बिस्किटांचे पुडे वाटले जातात, मुलांबरोबर छायाचित्रे निघतात आणि दिवेलागणीच्या आत आपण वाशी-नेरूळ-खारघरच्या सदनिकांत परत येतो. प्रस्तुत लेखकही त्या टेम्पोतून अनेकदा गेला आहे. तेव्हा पुढील शब्द कठोर वाटले, तर ते त्याने प्रथम स्वतःलाच ऐकवले आहेत असे समजावे. म्हणणे एवढेच आहे : आपण त्या माणसांना वस्तू देतो, परंतु ‘ही जागा तुझी आहे’ असे जगाने त्यांना सांगावे यासाठी आपण बोटही हलवत नाही.

या शब्दांची किंमत आपल्याला ठाऊक नाही, असे म्हणण्याची सोय नाही. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि त्यानंतर वसई, गोवा, मंगळूर, केरळ अशा ठिकाणांहून आपण या शहरात आलो. शेजाऱ्याची भाषा परकी, वाणी परका, रस्ता परका. आपल्याला आधी काय हवे होते? मिस्सेसाठी छप्पर, धर्मग्रामाच्या नोंदवहीत नाव आणि दफनभूमीत साडेतीन हात जागा. माणसाला जिथे पुरले जाईल, तेच गाव त्याला आपले वाटते. आपलेपणाची भूक भाकरीच्या भुकेइतकीच खरी आहे. ती आपल्याला लागते आणि डोंगरापलीकडच्या माणसाला लागत नाही, हे आपण कोणत्या आधारावर ठरवले?

कातकरी हा या भूमीतला उपरा नव्हे. खैराच्या लाकडापासून कात काढणारा तो कातकरी. रानच त्याचे घर आणि रानच त्याची पेढी. १८७८ च्या वनकायद्याने राने राखीव झाली आणि आपल्याच रानात तो चोर ठरला. २५ सप्टेंबर १९३० रोजी उरण तालुक्यातील चिरनेर येथे जंगल सत्याग्रह झाला. त्या दिवशी पोलिसांच्या गोळ्यांना जे बळी पडले, त्यांत नाग्या महादू कातकरी होता. स्वतंत्र भारताने त्याला हुतात्मा म्हटले. त्याच्या जातभाईंच्या झोपडीखालची जमीन मात्र त्यांच्या नावावर करण्याचे राहून गेले.

पुढे याच परिसरात नवे शहर वसवण्यासाठी ठाणे, पनवेल आणि उरण भागांतील ९५ गावांच्या जमिनी घेण्यात आल्या. जानेवारी १९८४ मध्ये जासई-दास्तान परिसरातील आंदोलनावर गोळीबार होऊन पाच शेतकऱ्यांनी प्राण दिले. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे तत्त्व आले. २०२१ साली विमानतळाला त्यांचेच नाव द्यावे म्हणून हजारो भूमिपुत्र रस्त्यावर उतरले. या लढ्याला आमचा आदरपूर्वक प्रणाम आहे. परंतु त्या न्यायाचाही आरंभ सातबाऱ्यापासून झाला. ज्याचे कागदावर काही होते, त्याचे काही गेले हे सिद्ध करता आले. ज्याच्या पिढ्या दुसऱ्याच्या बांधावर आणि रानाच्या कडेला गेल्या, त्याचे काय गेले, हे कोणत्या उताऱ्यावर शोधायचे? आजही कितीतरी कातकरी वाड्या खासगी मालकीच्या जमिनीवर उभ्या आहेत. शहर जवळ येते, जमिनीचा भाव चढतो, मालक तारेचे कुंपण घालतो आणि कुंपणाच्या आत पिढ्यान्पिढ्यांची वस्ती अतिक्रमण ठरते.

यावर आपल्या बैठकींतून तीन उत्तरे हमखास ऐकू येतात.

पहिले उत्तर असे की ही मुळी भटकी माणसे. त्यांना एका जागी राहवतच नाही. खरे पाहता दिवाळीनंतर कातकरी कुटुंब वीटभट्टीवर किंवा कोळसाभट्टीवर जाते ते हौसेने नव्हे. पावसाळ्यातल्या उपासमारीत घेतलेली उचल फेडण्यासाठी जाते. आणि पाऊस जवळ आला की ते आपल्या वाडीवर परत येते. आपली मुले आखातात नोकरीला जातात, वर्षानुवर्षे तिकडे राहतात आणि सुट्टीत घरी येतात. त्यांना आपण भटकी म्हणतो का? दरवर्षी परत येणाऱ्या माणसाला मूळ नाही असे म्हणणे हा अज्ञानाचा नव्हे, सोयीचा युक्तिवाद आहे.

दुसरे उत्तर : आता सरकार करीतच आहे. होय, नोव्हेंबर २०२३ मध्ये विशेष दुर्बल आदिवासी समूहांसाठी पीएम-जनमन योजना सुरू झाली. महाराष्ट्रात कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड हे असे समूह आहेत. तीत पक्क्या घराची तरतूद आहे, ही स्वागतार्ह गोष्ट होय. पण भिंत जमिनीवर उभी राहते, योजनेवर नव्हे. जागा दुसऱ्याची असेल, तर मंजूर घर बांधायचे कुठे?

तिसरे उत्तर सर्वांत धार्मिक आणि म्हणूनच सर्वांत धोकादायक : जमिनीचे प्रश्न हे राजकारण, आपले काम दयेचे. ज्यांना असे वाटते त्यांनी आपल्याच शहरातील तळोजा कारागृहाची आठवण करावी. झारखंडच्या आदिवासींच्या जमिनीसाठी आणि हक्कांसाठी आयुष्य वेचणारे येशूसंघीय फादर स्टॅन स्वामी यांना ऑक्टोबर २०२० मध्ये एल्गार परिषद प्रकरणात अटक होऊन तेथे ठेवण्यात आले. आरोप त्यांनी नाकारले होते. खटला उभा राहिलाच नाही. मे २०२१ मध्ये, ८४ वर्षांच्या आणि कंपवाताने जर्जर झालेल्या या धर्मगुरूने उच्च न्यायालयापुढे सरकारी रुग्णालयात जाण्याचे नाकारले आणि आपल्या माणसांत जाता यावे म्हणून अंतरिम जामीन मागितला. तो मिळाला नाही. ५ जुलै २०२१ रोजी वांद्र्याच्या होली फॅमिली रुग्णालयात त्यांचे निधन झाले.

त्यांची ‘आपली माणसे’ कोण होती? फादर जन्माने तमिळ. ज्यांच्याकडे जाण्याची त्यांना ओढ होती, त्यांची ना जात त्यांची होती, ना मातृभाषा. त्या माणसांच्या जमिनीचा प्रश्न त्यांनी स्वतःचा मानला, म्हणून ती त्यांची झाली. आपलेपणा रक्तातून येतो तसाच तो एखाद्याच्या बाजूला उभे राहण्यातूनही येतो. तो टेम्पोतून वाटता येत नाही.

मग करावे काय? कपडे देऊ नयेत असे कोण म्हणतो? परंतु त्याच टेम्पोतून धर्मग्रामातील एखादा वकील, एखादा निवृत्त महसूल कर्मचारी, अर्ज लिहू शकणारी चार तरुण मुलेमुली जाऊ द्यात. वाडीत किती घरे, किती पिढ्यांची वस्ती, जमीन कोणाची, किती जणांकडे जातीचा दाखला, याची नोंद वाडीकरांसह बसून तयार करा. जमीन महसूल संहितेत गावठाणाची हद्द ठरवण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना आहे, आणि २००६ च्या वनहक्क कायद्यात रानातील वहिवाटीला मान्यता आहे. निर्णय ग्रामसभेत त्यांनी घ्यावा. तहसील कचेरीतल्या खेपांना आपण सोबत करावी. हे काम एका रविवारी संपणार नाही आणि त्याचे छायाचित्रही चांगले येणार नाही.

लवकरच आपण घरोघरी गव्हाण सजवू. त्या कथेतले कुटुंब बेथलेहेमला गेले होते ते शिरगणतीत नाव नोंदवण्यासाठी. आणि नाव नोंदवायला आलेल्या त्या माणसांना उतरायला जागा मिळाली नाही. यंदा गव्हाणीपुढे गुडघे टेकण्यापूर्वी प्रत्येक धर्मग्रामाने आपल्या जवळच्या एका वाडीचा उतारा काढून पाहावा, आणि त्यावर नाव कोणाचे आहे ते मिस्सेनंतर सर्वांना वाचून दाखवावे.