वही आणि बटण

धामापुरात आमची दुकानाची उधारीची वही आहे. पावसाळ्यात हात आखडला तर दुकानदार थांबतो. तेलाचा भाव मागाहून वाढवत नाही. त्याच समजुतीने आम्ही रमजान ईदला मुलांचे कपडे मोबाईलवरून मागवले आणि ‘आत्ता घ्या, नंतर द्या’ हे बटण दाबले. १,८०० रुपये. तारीख विसरलो, पाच दिवस उशीर झाला आणि दंड लागला.

तेव्हा कळले, इथे विकणाऱ्याला पैसे लगेच मिळतात. ते भरते दुसरीच वित्तसंस्था. म्हणजे ही उधारी नव्हे, कर्ज.

उधारीला दीनमध्ये मनाई नाही. सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत मुदतीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा हुकूम आहे. १९९० साली जेद्दाच्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने हप्त्यांची विक्री, भाव रोखीपेक्षा जास्त असला तरी, जायज मानली. मात्र उशिराबद्दल जादा रक्कम घेणे हा सूदच ठरवला. आम्ही तर दंडाची अट बटणाबरोबरच कबूल केली होती!

रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे खर्च आणि दंडाचे पत्रक आधी दाखवावे लागते, कर्ज परत फिरवायला किमान एक दिवस द्यावा लागतो. ते पत्रक आम्ही उघडलेच नाही. वर्गात ‘प्रश्न नीट वाचा’ म्हणणारे आम्ही!

आता घरात एक डबा ठेवला आहे. बकरी ईदला त्यात जमेल तेवढीच खरेदी. तुमच्या घरात ते बटण कुणी दाबले आहे का? न रागावता विचारा.