नाना आणि ‘किंवा’

प्रत्येक मराठी घरात एखादा नाना असतोच. सैन्यातून निवृत्त होणाऱ्या पुष्कळांच्या कागदपत्रांतही एक नाना असतो. मात्र त्याचे येणे कोणालाच रुचत नाही. ‘नीदर अ‍ॅट्रिब्युटेबल नॉर अ‍ॅग्रव्हेटेड’ या इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांतून हे गृहस्थ जन्मले आहेत. जवानाचे दुखणे नोकरीमुळे उद्भवलेले नाही आणि नोकरीमुळे बळावलेलेही नाही, असा त्यांचा अर्थ. सैनिक घरी परतण्यापूर्वी वैद्यकीय मंडळ त्याची तपासणी करते, दुखणे किती टक्के ते ठरवते आणि त्याचा नोकरीशी संबंध आहे की नाही याचा निवाडा देते. टक्केवारी २० किंवा अधिक हवी, हे खरेच. पण ती भरली तरी शेजारी नाना येऊन बसले, की अपंगत्वापोटी मिळणारा पेन्शनचा भाग बुडालाच म्हणून समजावे.

या नानांशी माझी ओळख आमच्या कॉलेजच्या फाटकावर झाली. तिथे जे हवालदारसाहेब बसतात ते मूळचे सातारा जिल्ह्यातले. १९९८ साली पायदळात भरती झाले आणि २४ वर्षे भरून २०२२ मध्ये परतले. उभे राहायचे झाले, की आधी दोन्ही हात मांड्यांवर रोवतात, मग एक दीर्घ श्वास, आणि मग सलाम. दोन्ही गुडघ्यांना संधिवात. कूर्चा झिजून हाडाला हाड लागू लागलेले. मंडळाने २० टक्के अपंगत्व लिहिले, आणि पुढे नाना.

“मॅडम, तुम्ही मराठी शिकवता. एक अर्ज बघता का?” असे म्हणून त्यांनी एक प्लास्टिकची पिशवी माझ्यापुढे धरली. पहिले अपील फेटाळले गेले होते, दुसऱ्याचा मसुदा तयार होता. अपीले मराठीत चालत नाहीत, पण साहेबांचा शिरस्ता असा, की आधी आपल्या भाषेत काय म्हणायचे ते ठरवावे आणि मग ते कुणाकडून तरी इंग्रजीत करून घ्यावे. हा शिरस्ता माझ्या विद्यार्थ्यांनी उचलावा, असे मला फार वाटते.

पिशवीत मंडळाच्या शेऱ्याचे मराठी भाषांतरही होते. ते गावातल्या एका हुशार मुलाने केलेले. मूळ इंग्रजीत दुखणे ‘कॉन्स्टिट्यूशनल’ असल्याचे म्हटले होते, म्हणजे शरीराच्या ठेवणीतूनच आलेले. मुलाने लिहिले होते: ‘सदर गुडघेदुखी घटनात्मक स्वरूपाची आहे.’ हवालदारसाहेब गंभीरपणे म्हणाले, “घटनेचा आन् माझ्या गुडघ्याचा काय संबंध, तेवढं कळंना.” मी हसले खरी, पण त्यांचा प्रश्न वाटला तितका वेडगळ नव्हता, हे पुढे कागद वाचताना समजले.

मसुदा चांगला चार पानांचा होता. त्यात सरकारला ‘मायबाप’ म्हटले होते, तीनदा ‘दया’ मागितली होती आणि मुलीच्या लग्नाचा खर्चही मांडला होता. सगळा भर एकाच मुद्द्यावर होता: दुखणे लष्करातच सुरू झाले. मंडळाचे उत्तर तयारच होते: वयोमानाने गुडघे सगळ्यांचेच झिजतात. आता यात तथ्य नाही असे कोण म्हणेल? माझाही डावा गुडघा जिन्यावर कुरकुरतो, आणि मी आयुष्यात खडूपेक्षा जड काही उचललेले नाही.

मी सहज विचारले, “दुखणं तिथंच लागलं, हे तुम्ही कशावरून सांगता?”

ते म्हणाले, “लागलं कुठं ते देवाला ठावं. पण तिथं वाढलं, एवढं मात्र खरं. पाठीवर ओझं, हातात बंदूक, पाच किलोमीटर पळायचं दर परीक्षेला. वर डोंगर. गोळी खायची आन् पुन्हा उतरायचं.”

चार पानांत जे नव्हते, ते त्यांनी एका दमात सांगून टाकले होते. नियमात दोन क्रियापदे आहेत: उद्भवणे आणि बळावणे. १९६१ च्या पेन्शन नियमावलीत त्या दोहोंच्या मध्ये ‘किंवा’ आहे, ‘आणि’ नाही. दुखणे कुठेही जन्मलेले असो. नोकरीने ते वाढवले असेल तर हक्क शाबूत. मंडळाने कारण दिले होते ते फक्त उद्भवण्याबद्दल. बळावण्याबद्दल नुसताच नकार. उभयान्वयी अव्यय शिकवताना वर्ग जांभया देतो. पुढच्या वेळी मी त्यांना या ‘किंवा’ची किंमत रुपयांत सांगणार आहे.

ती किंमत अशी. अपंगत्व १०० टक्के असेल तर शेवटच्या पगाराच्या ३० टक्के रक्कम मिळते, कमी असेल तर त्या प्रमाणात. हिशेबाला सोपा म्हणून पगार ५०,००० धरा. २० टक्क्यांचे महिन्याला ३,००० होतात. पण ५० पेक्षा कमी टक्केवारी ५० धरावी, असा सरकारचा २००१ चा आदेश आहे. तो आधी आजारपणामुळे मुदतीपूर्वी बाहेर पडलेल्यांपुरता होता. पूर्ण मुदत भरून निवृत्त झालेल्यांनाही तो लाभ द्यावा, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये राम अवतार यांच्या खटल्यात ठरवले. म्हणजे ३,००० चे ७,५००, वर महागाई सवलत. फाटकावरची रात्रपाळी सोडता येईल, एवढी ही रक्कम आहे.

आणि दया कशासाठी मागायची? १९८२ चे नियम मी वाचून काढले. भरतीच्या वेळी ज्या दुखण्याची नोंद नाही, त्या बाबतीत माणूस धडधाकट होता असेच गृहीत धरायचे. पुरावा देण्याचे ओझे मागणाऱ्यावर नाही. वाजवी शंका उरली तर तिचा फायदा त्याला. नियमांना जोडलेल्या परिशिष्टात कवायत, कूच, दीर्घकाळ उभे राहणे यांचा परिणाम होणाऱ्या रोगांची यादी आहे. तीत कण्याचा आणि पायांच्या सांध्यांचा संधिवात नावानिशी दिला आहे. जुलै २०१३ मध्ये धरमवीर सिंग या जवानाच्या अपस्माराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने याच नियमांच्या आधारे मंडळाला विचारले, की तुमची कारणे कुठे आहेत? सप्टेंबर २०२३ पासून निवृत्त होणाऱ्यांसाठी नियम बदलले आहेत, त्यांनी हे जुने पाठ करू नये. आमचे साहेब २०२२ चे, तेव्हा त्यांचा गुडघा मधल्या, २००८ च्या नियमांत बसतो.

मी लाल पेन घेतले. ‘मायबाप’ गेले, ‘दया’ गेली. मुलीचे लग्न काढताना मात्र साहेबांचा चेहरा उतरला. मी ते काढलेच. चार पानांचे दीड पान झाले. भरतीच्या वेळचा तंदुरुस्तीचा दाखला, कोणत्या वर्षी कुठे नेमणूक होती त्याची यादी, गुडघ्यासाठी पहिल्यांदा लष्करी दवाखान्यात गेल्याची तारीख, आणि शेवटी एकच विचारणा: दुखणे बळावले नाही असे मंडळ कोणत्या कारणाने म्हणते?

“मॅडम, हे जरा उद्धट नाही वाटत?” त्यांनी विचारले. चोवीस वर्षे हुकूम पाळलेला माणूस. प्रश्न विचारणे त्याला उद्धटपणाच वाटणार. मी म्हटले, “शेवटी ‘आपला विश्वासू’ लिहिलंय ना? तेवढी नम्रता पुरे.”

अपील रवाना झाले आहे. फेटाळले गेलेच, तर पुढचे दार सशस्त्र दल न्यायाधिकरणाचे. ते २००७ च्या कायद्याने आले आणि त्याचे एक खंडपीठ मुंबईला आहे. साहेबांनी पत्ता आताच डायरीत उतरवून घेतला आहे. तिथे जिना किती मजल्यांचा आहे, एवढेच कळायचे राहिले आहे, असे ते परवा सांगत होते.