कपाटाची किल्ली

जबलपूरच्या पोस्टिंगमधली ही गोष्ट. कार्यालय कोणतं ते सांगत नाही, कारण असं कार्यालय तुम्हीही पाहिलेलं असणार.

मे महिना, दुपारची वेळ. एका दिवंगत हवालदाराची पत्नी कटनीकडच्या गावातून बसने आली होती. फॅमिली पेन्शनचे कागद तयार होते. फक्त छापायचे आणि साहेबांची सही घ्यायची. नेमका प्रिंटरचा टोनर संपलेला. शेजारच्या सेक्शनचा प्रिंटरही टोनरचीच वाट बघत होता. नवं कार्ट्रिज पंधरा पावलांवर कपाटात होतं, पण किल्ली ज्याच्याकडे तो बाबू दोन दिवस रजेवर.

आमच्या क्लार्कने पेन ड्राइव्ह उचलला आणि सदर बाजाराकडे निघाला. मी त्याला थांबवलं. बँक खातं, पत्ता, सगळी माहिती दुकानाच्या कॉम्प्युटरवर ठेवून यायची का? नियमाने मी बरोबर होतो. बाई मात्र रिकाम्या हाताने परत गेल्या.

गंमत म्हणजे सामान कसं सांभाळायचं आणि कसं वाटायचं, हे सगळ्या फौजेला शिकवणारी संस्था याच शहरात आहे. ऑर्डनन्स कोअरची शाळा १९२५ साली आपल्या खडकीत सुरू झाली, १९४० मध्ये जबलपूरला आली. आज तिला कॉलेज ऑफ मटेरियल्स मॅनेजमेंट म्हणतात. स्टोअरचं काम शिकणाऱ्याला दोन हिशेब सुरुवातीलाच शिकवतात. पहिला एबीसी: वर्षभराच्या खपात ज्यांच्यावर सर्वाधिक पैसा जातो त्या वस्तू 'ए', सर्वात कमी जातो त्या 'सी'. दुसरा व्हीईडी: जिच्यावाचून काम थांबतं ती 'व्हायटल', मग 'इसेन्शियल', मग 'डिझायरेबल'. पहिला खर्च बघतो, दुसरा गरज.

आपली गफलत इथेच होते. टोनर, कागद, शिक्क्याची शाई या वस्तू खर्चाने 'सी' आणि गरजेने 'व्हायटल'. 'सी' मालाचा धडा असा की तो जवळ थोडा जास्त ठेवा आणि त्याच्यावर पहारा कमी ठेवा. आपण उलट करतो. एका रिफिलसाठी इंडेंट, दोन सह्या, व्हाउचर, लेजरमध्ये नोंद. रिफिलपेक्षा तिच्यासाठी खर्ची पडलेला माणसाचा वेळ महाग.

कुणी म्हणेल, कुलूप काढलं तर सरकारी कागद पोरांच्या वह्यांमध्ये जाईल. जाईल थोडा, नाकारत नाही. ऑडिटवाले विचारणारच, आणि विचारायलाच हवं. पण कुलपामुळे चोरी थांबते असं मला दिसलं नाही. साठेबाजी मात्र वाढते. वेळेवर मिळणार नाही हे कळलं की प्रत्येक जण ड्रॉवरमध्ये चार रिम दडवतो. मग एका टेबलावर ढीग आणि दुसऱ्यावर ठणठणाट. त्यात ३१ मार्चच्या आत पैसे संपवायचे म्हणून फायली आणि स्टेपलर पोत्याने येतात, टोनर जूनपर्यंत नाही.

उपाय साधा आहे. प्रत्येक सेक्शनला दोन खोकी द्या. पहिलं संपलं की मागणी जाते, ती येईपर्यंत दुसऱ्यावर काम चालतं. किल्ली दोघांकडे ठेवा, दुसऱ्याचं नाव ऑर्डरमध्ये लिहा. हिशेब महिन्याच्या शेवटी सेक्शनकडून घ्या, प्रत्येक पेनामागे नको. खप वाढलेला दिसला तर विचारा, आणि कडक विचारा. ज्या जवानाच्या हातात आपण रायफल देतो, त्याच्यावर कागदाच्या रिमचा विश्वास टाकायला काय हरकत आहे?

चौथ्या दिवशी बाई परत आल्या. दहा मिनिटांत काम झालं. जाताना त्यांनी विचारलं, "साहब, उस दिन बिजली नहीं थी क्या?"

मी "हां" म्हणालो. खरं कारण सांगायची लाज वाटली.