रस्ता अडविणारी भिंत आणि ‘शांतते’चे कैवारी

तंजावूर जिल्ह्यात कुंभकोणम्‌जवळ पट्टीश्वरम् नावाचे गाव आहे. तेथील धेनुपुरीश्वराच्या मंदिरातील नंदी गाभाऱ्याच्या सरळ रेषेत नाहीत. ते बाजूला सरकलेले दिसतात. कथा अशी की, बालसंत संबंधर उन्हातून चालत आला, शिवाने त्याच्यासाठी मोत्यांचा मांडव धाडला आणि दर्शनाच्या आड येणाऱ्या नंदीला दूर होण्याची आज्ञा केली. याच कावेरीच्या मुलखात तिरुप्पुंगूर येथे दुसरी कथा सांगतात. तेथेही नंदी सरकला, परंतु नंदनार या अस्पृश्य शेतमजूर भक्तासाठी. फरक एवढाच की, ब्राह्मणकुळातील संबंधर आत गेला आणि नंदनारला बाहेर उभे राहूनच पाहावे लागले. चिदंबरम्‌ला तर अग्नीतून गेल्यावाचून त्याला प्रवेशच मिळाला नाही. पुराणकर्त्यांनी दगडाचा बैल हलविला; दार उघडण्याचे धाडस मात्र त्यांना झाले नाही.

आजच्या सत्ताधाऱ्यांना तर बैल हलविणेही जड जाते. मदुरै जिल्ह्यातील उत्तप्पुरम् येथे १९८९ साली जातीय दंगलीनंतर सवर्णांनी दलित वस्ती आणि गाव यांच्यामध्ये कित्येकशे मीटर लांबीची भिंत उभी केली. दलितांची मुख्य रस्त्याकडे जाणारी वाट तुटली. त्यांना वळसा घालून जावे लागे. एवढ्यानेही समाधान झाले नाही, म्हणून भिंतीवर विजेच्या तारा सोडण्यात आल्या. ही गोष्ट २००८ च्या एप्रिलमध्ये चव्हाट्यावर आली, ती अस्पृश्यता निर्मूलन आघाडीने आणि मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाने प्रश्न लावून धरला म्हणून. सरकारी यंत्रणेला स्वतःहून जाग आली म्हणून नव्हे. ६ मे २००८ रोजी पोलिसांच्या कड्यात भिंतीचा एक लहानसा भाग पाडण्यात आला. दुसऱ्याच दिवशी प्रकाश करात तेथील दलितांना भेटले.

मधल्या एकोणीस वर्षांत तामिळनाडूवर राज्य कोणाचे होते? द्रविड चळवळीचा वारसा सांगणाऱ्या दोन्ही पक्षांनी आळीपाळीने तेथे राज्य केले. ज्या पेरियारांच्या तसबिरी या पक्षांच्या कचेऱ्यांत लावलेल्या असतात, ते १९२४ साली वैकोम येथे मंदिराभोवतालच्या रस्त्यांवरून अवर्णांना चालता यावे म्हणून तुरुंगात गेले होते. वैकोमचा लढाही १९२५ साली तडजोडीने संपला आणि पूर्वेकडचा रस्ता बंदच राहिला. परंतु त्या रस्त्यावर राज्य त्रावणकोरच्या महाराजांचे होते. उत्तप्पुरम्‌च्या भिंतीवर राज्य होते ते भारतीय संविधानाचे. ज्याच्या पंधराव्या अनुच्छेदात विहिरी, तलाव आणि घाट यांच्या जोडीने ‘रस्ते’ हा शब्द स्पष्टपणे लिहिलेला आहे!

भिंतीचे समर्थक काय म्हणतात? म्हणे भिंत दोन्ही बाजूंच्या संमतीने बांधली गेली. तिच्यामुळे गावात शांतता नांदते. दंगलीनंतर, जमीन एका बाजूच्या हाती आणि मजुरी दुसऱ्या बाजूच्या नशिबी असताना जो करार होतो, त्याला संमती म्हणणे म्हणजे सावकाराच्या कागदावरील अंगठ्याला ऋणकोची इच्छा म्हणण्यासारखे आहे. आणि ही शांतता तरी कसली? भिंतीला खिंडार पडताच सवर्ण कुटुंबे गाव सोडून डोंगरपायथ्याशी जाऊन बसली, त्यांनी शिधापत्रिका परत करण्याचा देखावा केला; त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पोलिसांच्या गोळीबारात एक दलित मारला गेला. गावच्या मुत्तालम्मन मंदिरात दलितांना पाय ठेवता आला तो १० नोव्हेंबर २०११ रोजी, पोलीस बंदोबस्तात.

दुसरा युक्तिवाद अधिक सभ्य आहे आणि म्हणूनच अधिक धोकादायक आहे. नव्या गृहवसाहतींचे मालक तो करतात, आणि आपल्यातील काही सुशिक्षित मंडळीही त्याला माना डोलावतात. जागा आमची, पैसा आमचा, मग कुंपण घातले तर बिघडले कोठे? येथे जातीचे नाव निघत नाही. ‘सुरक्षितता’ आणि ‘दर’ हे शब्द निघतात. या युक्तिवादाचे शुद्ध स्वरूप पाहायचे असेल तर जातिव्यवस्था नसलेल्या इंग्लंडात जावे. ऑक्सफर्ड शहराच्या उत्तरेस कटस्लो येथे नगरपालिकेची कामगार वसाहत उभी राहिली. शेजारची जमीन एका खाजगी गृहबांधणी कंपनीने घेतली आणि झोपडपट्टीतून आलेल्या भाडेकरूंमुळे आपल्या घरांचे भाव पडतील या धास्तीने डिसेंबर १९३४ मध्ये रस्त्यांवर आडव्या दोन भिंती घातल्या. पुरुषभराहून उंच, वर लोखंडी अणकुचीदार काटे. मे १९३५ मध्ये कम्युनिस्ट कार्यकर्ते एब लॅझरस यांच्या पुढाकाराने कामगार कुदळी घेऊन निघाले. पोलीस आडवे आले. १९३८ साली नगरपालिकेने भिंती पाडल्या, तर कंपनी न्यायालयात गेली, जिंकली, आणि भिंती पुन्हा उभ्या राहिल्या. अखेर नगरपालिकेने भिंतींखालची जमीन एक हजार पौंडांना विकत घेतली, तेव्हा कोठे मार्च १९५९ मध्ये त्या हटल्या. म्हणजे चोवीस वर्षे कामगारांच्या बायकापोरांनी वळसा घातला आणि वर अडविणाऱ्यालाच मोबदला मिळाला. भांडवली न्याय तो हाच.

भारतात हे दोन्ही रोग एकाच देहात नांदतात. जमिनीचा दर आणि जातीचा विटाळ एकाच विटेत भाजले जातात. मेट्टुपाळयम्‌जवळच्या नडूर येथे एका धनिकाने आपल्या घराभोवती सुमारे वीस फूट उंच दगडी भिंत उभारली होती. ती धोकादायक असल्याच्या खालच्या दलित वस्तीच्या तक्रारींकडे कोणी पाहिले नाही. २ डिसेंबर २०१९ च्या पहाटे पावसात ती कोसळली आणि सतरा दलित झोपेतच चिरडले गेले. मराठी वाचकाला येथे मंगळवेढा आठवल्यावाचून राहणार नाही. चोखोबा गावकुसाचे काम करीत असता तेच गावकूस अंगावर पडून गेले, असे परंपरा सांगते. ज्या कुसाच्या आत राहण्याचा त्यांना अधिकार नव्हता, ते बांधण्याचा मात्र होता. गावकूस आता सिमेंटचे झाले आहे, त्याला पहारेकरी आणि फाटक आले आहे, एवढाच काय तो विकास.

आणि कायदा? कायदा भरपूर आहे. १९५५ चा नागरी हक्क संरक्षण कायदा रस्त्याचा वापर नाकारणे हा गुन्हा मानतो. १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा वहिवाटीची वाट अडविणाऱ्याला शिक्षा सांगतो. तामिळनाडूत तर मंजूर भूखंड-आराखड्यातील रस्ते दानपत्राने स्थानिक संस्थेच्या स्वाधीन करावे लागतात. एकदा दानपत्र झाले की तो रस्ता वसाहतीचा राहत नाही, जनतेचा होतो. त्यावरील भिंत म्हणजे सरळसरळ अतिक्रमण होय. झोपडीचे अतिक्रमण ज्या नोकरशाहीला दुरून दिसते, तिला ही भिंत दिसत नाही, याचे कारण दृष्टिदोष नव्हे.

‘वाटेचा प्रश्न हा नगरपालिकेचा किरकोळ प्रश्न, वर्गसंघर्षाशी त्याचा काय संबंध?’ असे विचारणाऱ्यांनी कीळवेण्मणि विसरू नये. याच तंजावूरच्या खोऱ्यात २५ डिसेंबर १९६८ रोजी चव्वेचाळीस दलित शेतमजूर, बायका आणि मुले एका झोपडीत जाळली गेली. त्यांची मागणी मापभर अधिक भाताची होती. मजुरी मागणारा तोच, आणि वाट मागणाराही तोच.

प्रत्येक तालुक्यात मंजूर आराखडे आणि रस्त्यांची दानपत्रे तलाठ्याच्या व नगरपालिकेच्या कचेरीत पडून आहेत. ती मागून घ्यावीत, नकाशा हाती धरून रस्ता पायाने मोजावा, आणि जेथे पाय अडेल तेथील भिंतीची लांबी, तिच्याआड अडकलेल्या घरांची संख्या आणि रुग्णवाहिकेला घ्यावा लागणारा वळसा यांची नोंद जिल्हाधिकाऱ्यांच्या मेजावर मोर्च्यानिशी ठेवावी. उत्तप्पुरम्‌च्या लढ्याच्या मुळाशीही असेच एक सर्वेक्षण होते.