नऊ धावांचे दुःख

भाऊसाहेब निंबाळकर म्हटले की आपण नऊ धावांसाठी हळहळतो. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात काठेवाडविरुद्ध ते नाबाद ४४३ वर असताना प्रतिपक्षाच्या कर्णधाराने पुढे खेळायचेच नाकारले आणि ब्रॅडमनचा ४५२ धावांचा विक्रम हुकला. त्या कर्णधाराला दोष दिला की आपण मोकळे!

मला हे दुःख फार सोयीचे वाटते. ब्रॅडमनचा तो विक्रम १९५९ साली हनीफ महंमदने मोडलाच. खरी खंत निराळी आहे. महाराष्ट्र, होळकर, रेल्वे अशा संघांकडून खेळून निंबाळकरांनी प्रथम श्रेणीत सुमारे ४८ च्या सरासरीने धावा केल्या. पदरात काय पडले? राष्ट्रकुल संघाविरुद्ध एक अनधिकृत कसोटी. अधिकृत एकही नाही. त्या काळी हजारे, मर्चंट, अमरनाथ असे मातब्बर फलंदाज होते, हे मान्य. परंतु एकदा संधी देण्याइतकीही जागा नव्हती काय?

काठेवाडच्या कर्णधाराने त्यांचा एक डाव अडवला. निवड समितीने मात्र कसोटीची वाटच अडवली. २०१२ साली कोल्हापुरात ते निवर्तले. यापुढे हळहळायचेच असेल, तर त्या न मिळालेल्या कसोटीसाठी हळहळावे.