वहीची उजवी बाजू

आमच्या कड्यात स्पर्धा परीक्षा देणाऱ्या पोरांकडे एक वही हमखास सापडते. डावीकडे अवघड इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी अर्थ. रोज वीस-पंचवीस शब्द घोकायचे. पोरांच्या मेहनतीबद्दल शंकाच नाही. माझी तक्रार आहे ती वहीच्या उजव्या बाजूबद्दल.

'फ्रुगल' म्हणजे मितव्ययी. 'एफेमरल' म्हणजे क्षणभंगुर. 'ग्रिगेरियस' म्हणजे समूहप्रिय. आता मला सांगा, कड्याच्या बाजारात 'मितव्ययी' कोण म्हणतं? एका परक्या शब्दाचा अर्थ दुसऱ्या परक्या शब्दात पाठ होतो, आठवड्यात दोन्ही विसरतात, आणि पोरगं म्हणतं, "आपलं इंग्रजीच कच्चं."

सरळ 'काटकसरी' लिहा ना! दुष्काळी आष्टी तालुक्यात काटकसर कुणाला शिकवावी लागते? एफेमरल म्हणजे अळवावरचं पाणी. आणि ग्रिगेरियसच्या पोटात लॅटिनमधला 'ग्रेक्स' बसलाय, म्हणजे कळप! माणसांच्या कळपात रमणारा तो ग्रिगेरियस. 'काँग्रिगेट' म्हणजे एकत्र जमणं, 'सेग्रिगेट' म्हणजे कळपातून वेगळं काढणं. मेंढरांचा कळप पाहिलेल्या पोराला हे तीन शब्द पुन्हा घोकावे लागणार नाहीत. 'प्रोक्रॅस्टिनेट'मध्ये 'क्रास' म्हणजे उद्या दडलाय. उद्यावर ढकलणं, आपली चालढकल! ही युक्ती काही माझी नाही. नॉर्मन लुईस यांचं 'वर्ड पॉवर मेड ईझी' १९४९ मध्ये आलं, ते असंच मुळांवरून शब्द शिकवतं. फक्त त्या मुळांना आपली माती आपणच लावायची आहे.

कुणी म्हणेल, परीक्षा तोंडावर असताना एवढा वेळ कुणाला? मान्य. पण घोकलेला शब्द पर्याय निवडण्यापुरता येतो. स्वतःचं वाक्य लिहायची वेळ आली की तो पळून जातो. मग आधी घोकण्यात घातलेला वेळ कुणाच्या खात्यात टाकायचा?

महाराष्ट्रात २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून आहे. तरीही भीती जात नाही, कारण घरची बोली हीच आपली अडचण आहे असं पोरांच्या मनात बसलंय. ज्यांचे आईबाप ऊसतोडीला जातात, ज्यांची शाळा मध्येच तुटते, त्यांच्याजवळ दुसरं भांडवल तरी कुठलं? तेच आपण त्यांना वहीबाहेर ठेवायला लावतो.

असो. डावी बाजू आहे तशी राहू द्या. उजव्या बाजूला आईला कळेल असा शब्द लिहा. आईला समजावता आला, तर तो शब्द तुमचा झाला.